अपराधी मनाचे माध्यमांतर : 'सेल की नेते प्ल्यू' ही कादंबरी आणि 'ले दियाबोलिक' हा चित्रपट

१

कादंबरीवरून तयार झालेल्या चित्रपटाचा विचार करताना बहुधा एकच कसोटी लावली जाते. चित्रपट मूळ कृतीशी कितपत एकनिष्ठ राहिला, हा प्रश्न आधी विचारला जातो आणि त्याच्या उत्तरावरच चित्रपटाचे मूल्यमापन बेतले जाते. रहस्यप्रधान साहित्याच्या बाबतीत या कसोटीला आणखी एका गृहीताची जोड मिळते. रहस्य उलगडले की कृती संपली, तिचे पुनर्वाचन संभवत नाही आणि म्हणून तिचे वाङ्मयीन मूल्य मर्यादित आहे, असे हे गृहीत आहे. आंरी-जॉर्ज क्लूझो (१९०७-१९७७) या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'ले दियाबोलिक' (१९५५) हा चित्रपट आणि तो जिच्यावर आधारलेला आहे ती पिएर ब्वालो व तोमा नार्सजाक यांची 'सेल की नेते प्ल्यू' (१९५२) ही कादंबरी यांचा एकत्र विचार केल्यास ही दोन्ही गृहीते तपासून पाहता येतात. क्लूझोने मूळ कादंबरीतील स्थळ, पात्रे, त्यांचे व्यवसाय, बळी आणि गुन्हेगार यांची लिंगे, इतकेच नव्हे तर शेवटही बदलला. असे असूनही कादंबरीचे मर्म चित्रपटात टिकून राहिले आहे. हे कसे घडले आणि या प्रक्रियेत काय गमावले गेले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

ब्वालो (१९०६-१९८९) आणि नार्सजाक (१९०८-१९९८) हे दोघेही एकत्र येण्यापूर्वी स्वतंत्रपणे रहस्यकथा लिहीत होते. फ्रान्समधील साहसकथांसाठीचा पुरस्कार ब्वालो यांना १९३८ मध्ये, तर नार्सजाक यांना १९४८ मध्ये मिळाला, आणि या दुसऱ्या प्रसंगाच्या निमित्ताने दोघांची भेट झाली. पुढील सहलेखनात कथानकाची जुळणी प्रामुख्याने ब्वालो यांच्याकडे आणि पात्रांचे मनोव्यापार व वातावरणनिर्मिती नार्सजाक यांच्याकडे, अशी कामाची विभागणी होती. ती केवळ सोयीची नव्हती, तिच्यामागे निश्चित वाङ्मयीन भूमिका होती. अभिजात इंग्रजी रहस्यकथा गुप्तहेराच्या बुद्धीभोवती फिरते, अमेरिकन गुन्हेगारी कादंबरी गुन्ह्याच्या व हिंसेच्या जगाभोवती फिरते. या दोन्ही वाटा टाळून बळीच्या दृष्टीतून लिहिलेली कादंबरी त्यांना घडवायची होती. आपल्यावर काय कोसळत आहे हे ज्याला कळत नाही, त्याच्या मनातून जग दाखवायचे, हे या प्रकाराचे मुख्य सूत्र होय.

'सेल की नेते प्ल्यू' या सूत्राला एक विलक्षण वळण देते. कादंबरीचा नायक फर्नां राव्हिनेल हा मासेमारीच्या साहित्याचा फिरता विक्रेता आहे. त्याची प्रेयसी ल्यूसिएन डॉक्टर आहे. विम्याच्या रकमेसाठी दोघे मिळून राव्हिनेलच्या पत्नीचा, मिरेयचा, खून करण्याचे ठरवतात. नांत येथे मिरेयला गुंगीचे औषध देऊन टबातील पाण्यात बुडवले जाते. त्यानंतर तिचे प्रेत पॅरिसजवळच्या आंगियां येथील राहत्या घरी आणून बागेलगतच्या धुणे धुण्याच्या जागी टाकले जाते, जेणेकरून मृत्यू अपघाती वाटावा. पण प्रेत तेथून नाहीसे होते. मिरेयच्या हस्ताक्षरातील मजकूर हाती पडतो. मिरेय आपल्याला भेटून गेली, असे तिचा भाऊ सहजपणे सांगतो. राव्हिनेलचे मन हळूहळू ढासळत जाते आणि अखेर घरात तिची पावले वाजू लागताच तो आत्महत्या करतो. त्यानंतरच्या छोट्या समारोपात वाचकाला कळते की मिरेय मेलेलीच नव्हती. कट मिरेय आणि ल्यूसिएन यांचा होता. त्या दोघी एकमेकींच्या प्रेयसी होत्या आणि विम्याची रक्कम राव्हिनेलच्याच मृत्यूतून मिळवायची होती.

जो स्वतःला खुनी समजतो तोच बळी आहे, ही या कादंबरीची मूळ कल्पना होय. राव्हिनेलला मारण्यासाठी वापरलेले शस्त्र त्याचा स्वतःचा अपराधभाव आहे. खून करण्यास तो तयार झाला नसता, तर त्याला मारणे या दोघींना शक्यच झाले नसते. त्यामुळे त्याचा मृत्यू एकाच वेळी अन्यायही ठरतो आणि शिक्षाही. ही नैतिक गुंतागुंत हाच कादंबरीचा खरा आशय आहे. रहस्याचा उलगडा हे तिच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन आहे.

३

हा आशय कादंबरीत निवेदनाच्या रचनेतून साकार होतो. निवेदन तृतीयपुरुषी आहे. मात्र समारोप वगळता ते राव्हिनेलच्या जाणिवेला सोडून जात नाही. झेरार झनेत यांनी १९७२ मध्ये कथनमीमांसेची जी मांडणी केली, तिच्यात 'कोण बोलतो' आणि 'कोण पाहतो' हे दोन प्रश्न वेगळे केले आहेत. येथे बोलणारा निवेदक निराळा आहे; पाहणारा मात्र राव्हिनेलच आहे. निवेदक खोटे बोलत नाही. राव्हिनेलला जे खरे वाटते तेच तो सांगतो, आणि राव्हिनेलची समजूतच चुकीची असल्यामुळे वाचक फसतो. मिरेय मेली आहे, याचा निर्वाळा ल्यूसिएन देते आणि ती डॉक्टर आहे. प्रेयसीचा शब्द आणि वैद्यकीय अधिकार येथे एकाच व्यक्तीत एकवटले आहेत. राव्हिनेलला आपल्या कृत्याकडे नजर देऊन पाहवत नाही. जे त्याने पाहिलेले नाही ते वाचकालाही दिसत नाही.

या रचनेत धुक्याला विशेष स्थान आहे. कादंबरीचे वातावरण धुक्याने भरलेले आहे आणि राव्हिनेलच्या आठवणीत बालपणीचा धुक्याचा एक खेळ आहे. दृश्य जगाची कड ओलांडून पलीकडे जाण्याची कल्पना त्या खेळात त्याला भुलवीत असे. म्हणून मिरेय परत येत आहे असे वाटू लागताच त्याच्या मनात भयाइतकीच ओढही निर्माण होते. तो नुसता घाबरून मरत नाही. पलीकडच्या जगाकडे तो आधीपासूनच अर्धा वळलेला आहे आणि कटकर्त्या स्त्रियांना त्याच्या स्वभावातील हीच फट सापडली आहे.

त्स्व्हेतान तोदोरॉव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुत साहित्याची व्याख्या करताना वाचकाच्या द्विधा अवस्थेवर भर दिला. घटनेचे स्पष्टीकरण नैसर्गिक की अतिनैसर्गिक, हे ठरत नाही तोवरच त्यांच्या मते अद्भुताचे अस्तित्व असते. या निकषाने पाहता कादंबरीचा फार मोठा भाग अद्भुताच्या सीमेवर उभा आहे आणि समारोप तिला एका फटक्यात नैसर्गिक स्पष्टीकरणाच्या बाजूला आणतो. मराठीत रहस्यकथा, भयकथा आणि गूढकथा अशा संज्ञा वापरात आहेत. रत्नाकर मतकरी यांचे लेखन गूढकथा या नावानेच ओळखले जाते. या संज्ञांच्या आधारे बोलायचे तर ही कादंबरी गूढकथेच्या वाटेने चालते आणि रहस्यकथेच्या मुक्कामी पोहोचते.

४

'ले दियाबोलिक'पूर्वी क्लूझोच्या नावावर 'ल कॉर्बो' (१९४३), 'के देझॉर्फेव्हर' (१९४७) आणि 'ल सालेर द ला पर' (१९५३) हे चित्रपट होते. यांपैकी शेवटचे दोन कादंबऱ्यांवरच आधारलेले आहेत. मूळ कृतीला कच्चा माल मानून तिची मोकळेपणाने फेररचना करणे ही त्याची पद्धतच होती. 'ले दियाबोलिक'ची पटकथा त्याने आपल्या बंधूसह (जेरोम जेरोनिमी या टोपणनावाने), रने मासाँ आणि फ्रेदेरिक ग्रांदेल यांच्या साहाय्याने लिहिली.

चित्रपटात कथा पॅरिसजवळच्या सँ-क्लू येथील एका खाजगी निवासी शाळेत घडते. शाळेची मालकी क्रिस्तिना देलासाल (व्हेरा क्लूझो) हिची असून कारभार तिचा पती मिशेल (पॉल मरिस) पाहतो. तो क्रूर व कंजूष आहे. शिळे मासे त्याने क्रिस्तिनाला सर्वांदेखत गिळायला लावण्याचा भोजनगृहातील प्रसंग त्याचा स्वभाव सांगण्यास पुरेसा आहे. निकोल (सिमोन सिन्योरे) ही शिक्षिका त्याची प्रेयसी आहे. तीही त्याचा मार खाते. पत्नी आणि प्रेयसी एकत्र येऊन त्याच्या खुनाचा बेत करतात. सुमारे ४०० किलोमीटरवरील निऑर येथे निकोलच्या घरी त्याला बोलावून, गुंगीचे औषध मिसळलेली दारू पाजून टबात बुडवले जाते. प्रेत वेताच्या पेटीतून शाळेत आणून पोहण्याच्या हौदातील गढूळ पाण्यात टाकले जाते. हौद उपसल्यावर तेथे प्रेत नसते. अखेरच्या रात्री मिशेल टबातून उठताना दिसतो आणि हृदयविकार असलेली क्रिस्तिना त्या धक्क्याने मरते. कट मिशेल आणि निकोल यांचा असतो. मात्र निवृत्त पोलीस अधिकारी फिशे (शार्ल व्हानेल) त्यांना जागीच पकडतो.

कादंबरीत दोन स्त्रियांनी एका पुरुषाविरुद्ध केलेला कट चित्रपटात एका पुरुषाने प्रेयसीच्या मदतीने पत्नीविरुद्ध केलेला कट होतो. यामुळे दोन स्त्रियांमधील प्रेम हा मूळचा धागा उघडपणे नाहीसा झाला. त्याची सावली मात्र क्रिस्तिना आणि निकोल यांच्या अनपेक्षित जवळिकीत उरली आहे. ही जवळीक सहकाऱ्यांना चकित करते आणि प्रेक्षकालाही तिचा अर्थ नीट लागत नाही. शेवटी ती निकोलच्या बाजूने निव्वळ अभिनय होती असे कळते, तेव्हा क्रिस्तिनाचे एकाकीपण अधिकच जाणवते.

शीर्षकातील बदलही या दृष्टीने बोलका आहे. कादंबरीच्या शीर्षकाचा अर्थ 'जी आता उरली नव्हती ती' असा होतो. त्यातील सर्वनाम स्त्रीलिंगी आहे आणि मराठीतही 'ती' म्हटल्यावाचून गत्यंतर नाही. नाहीसा होणारा देह पुरुषाचा झाल्यावर हे शीर्षक टिकणे शक्य नव्हते. नवे शीर्षक बार्बे दोर्व्हिली यांच्या १८७४ मधील कथासंग्रहाच्या नावाशी जुळणारे आहे आणि चित्रपटाच्या आरंभी याच लेखकाचे वचन दिलेले आहे. 'ले दियाबोलिक' या अनेकवचनी शब्दरूपावरून फ्रेंचमध्ये लिंगाचा बोध होत नाही. सैतानी कोण, दोन स्त्रिया की एक पुरुष आणि एक स्त्री, हे शीर्षक सांगत नाही. प्रेक्षक प्रारंभी पहिला अर्थ घेतो. शेवटी दुसरा अर्थ उघड होतो. कादंबरीचे शीर्षक मिरेयच्या मृत्यूबद्दल राव्हिनेलची समजूतच उचलून वाचकाची दिशाभूल करते, तर चित्रपटाचे शीर्षक खरे तेच सांगूनही दिशाभूल करते. पुढे कादंबरीही चित्रपटाच्या नावानेच पुन्हा प्रसिद्ध होऊ लागली, ही माध्यमांतराच्या इतिहासातील लक्षणीय बाब होय.

५

क्लूझोपुढील खरी अडचण कथानकाची नव्हती, निवेदनाची होती. राव्हिनेलच्या मनात राहून कादंबरी जे साधते ते कॅमेऱ्याला साधत नाही, कारण कॅमेरा पात्राकडे बाहेरून पाहतो. पार्श्वनिवेदनाचा सोपा मार्ग उपलब्ध असूनही क्लूझोने तो स्वीकारला नाही. फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९५४ च्या जानेवारीत 'काहिए द्यू सिनेमा'मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात तत्कालीन फ्रेंच पटकथाकारांवर टीका केली होती. कादंबरीतील काही प्रसंग चित्रित होऊच शकत नाहीत असे ठरवून त्यांच्या जागी समतुल्य प्रसंग योजण्याची त्यांची रीत त्रुफो यांना अमान्य होती. क्लूझोचा मार्ग या चौकटीत बसत नाही. प्रसंगाला प्रसंग शोधण्याऐवजी त्याने अपराधभावाचे ठिकाणच बदलले. कादंबरीत तो मनात आहे, चित्रपटात तो वस्तूंमध्ये आहे.

या वस्तूंची मालिका नीट पाहण्यासारखी आहे. वेताच्या पेटीतून पाणी ठिबकते. हौदात मुद्दाम पडू दिलेल्या किल्ल्या शोधायला उतरलेला मुलगा किल्ल्यांऐवजी मिशेलचा लायटर वर आणतो. मिशेलने मरताना घातलेला सूट धुलाईच्या दुकानातून स्वच्छ होऊन परत येतो. शाळेच्या सामूहिक छायाचित्रात मागच्या खिडकीत मिशेलचा चेहरा असल्याचा भास होतो. प्रत्येक वस्तू साधी, दैनंदिन व्यवहारातील आहे. मिशेल परत आला आहे असे यांतील एकही वस्तू सिद्ध करीत नाही. तरीही तो नाहीसा झालेला नाही, असे प्रत्येक वस्तू सुचवते. राव्हिनेलच्या धुक्याची जागा येथे पुराव्यांनी घेतली आहे. धुके जगाची कड पुसून टाकते. येथे प्रत्येक वस्तू अतिशय स्पष्ट दिसते आणि त्या स्पष्टपणातूनच भय उत्पन्न होते. आर्मां तिरार यांचे कृष्णधवल छायालेखन या स्पष्टपणाला पोषक आहे.

ध्वनीची योजनाही याच धोरणाचा भाग आहे. जॉर्ज व्हान पारीस यांचे संगीत केवळ आरंभी व अखेरीस ऐकू येते. मधल्या भागात प्रेक्षकाला काय वाटावे हे सांगणारे संगीत नाही. निऑरच्या घरी टब भरत असताना नळांचा आवाज होतो आणि वरच्या मजल्यावरील भाडेकरूंच्या रेडिओवरील प्रश्नमंजूषेत व्यत्यय येतो. खुनाच्या क्षणी शेजाऱ्यांची कुरकूर ऐकू यावी, ही योजना हास्यकारक आहे आणि भयंकरही. शेवटच्या रात्री क्रिस्तिनाला पावले, दारे आणि टंकलेखन यंत्राचे आवाज तेवढे ऐकू येतात. राव्हिनेलच्या कानी पडणारी मिरेयची पावले कादंबरीत वाचकाला राव्हिनेलमार्फत कळतात. चित्रपटात पावले प्रेक्षक स्वतः ऐकतो. म्हणून भ्रमाची शक्यता येथे कमी उरते आणि भय अधिक शारीरिक होते. आत्महत्येच्या जागी हृदयविकाराने येणारा मृत्यू या बदलाशी सुसंगत आहे. कादंबरीत मन मोडते, चित्रपटात देह मोडतो.

६

या बदलाची किंमतही मोजावी लागली आहे. राव्हिनेलला पलीकडच्या जगाची जी ओढ आहे, ती क्रिस्तिनाला नाही. ती धर्मनिष्ठ कॅथलिक आहे, घटस्फोटाला ती पाप मानते आणि खुनानंतर तिची सद्सद्विवेकबुद्धी तिला टोचत राहते. हा अपराधभाव ओळखीचा आहे, धर्मसंस्कारांतून आलेला आहे. राव्हिनेलच्या व्यक्तित्वातील गूढ, स्वतःच्या नाशाला साथ देणारा अंश तिच्यात उतरत नाही. दुसरे असे की मिशेलचा दुष्टपणा ठळकपणे रंगवल्यामुळे क्रिस्तिनाबद्दल सहानुभूती वाटणे सोपे झाले आहे. लोभापायी खुनाला तयार झालेल्या राव्हिनेलशी समरस होताना वाचकाला जी अस्वस्थता जाणवते, ती चित्रपटात सौम्य होते. फिशेच्या हातून गुन्हेगार पकडले जाणे हेही प्रेक्षकाच्या न्यायबुद्धीला दिलेले आश्वासन आहे. कादंबरी असे आश्वासन देत नाही.

मात्र क्लूझो हे आश्वासन पूर्ण होऊ देत नाही. प्रारंभी कोणीही विश्वास न ठेवलेला म्वाने हा विद्यार्थी अखेरीस पुन्हा येतो आणि आपली जप्त झालेली बेचकी मृत क्रिस्तिनानेच परत दिली असे सांगतो. याआधी मिशेलला पाहिल्याचे त्याने सांगितले तेव्हा ते खरे होते, हे प्रेक्षक आता जाणतो. मग या वेळी तो खोटे बोलतो असे कशावरून म्हणायचे? तोदोरॉव्ह यांच्या परिभाषेत सांगायचे तर सर्व स्पष्टीकरण झाल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी, द्विधा अवस्था पुन्हा जिवंत होते. कादंबरी अद्भुतातून वास्तवाकडे येऊन थांबते. चित्रपट वास्तवापर्यंत येऊन अद्भुताकडे एकदा मागे वळून पाहतो. मूळ कृतीपासून सर्वांत दूर गेलेला हा शेवट तिच्या वृत्तीच्या मात्र सर्वांत जवळ आहे.

७

चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर एक सूचना येते. मित्रांचा रसभंग होऊ नये म्हणून पाहिलेले कोणाला सांगू नये, अशी विनंती तिच्यात केलेली आहे. या सूचनेमुळे 'ले दियाबोलिक'ची ख्याती कलाटणीचा चित्रपट म्हणून झाली आणि एकदा पाहिल्यावर त्यात काय उरते, ही शंकाही तिच्यातूनच बळावली. आल्फ्रेड हिचकॉक यांनी विस्मय आणि उत्कंठा यांत केलेला भेद येथे आठवतो. टेबलाखालील बाँब अचानक फुटला तर क्षणभराचा विस्मय होतो. तो तेथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल तर उत्कंठा दीर्घकाळ टिकते. ब्वालो-नार्सजाक यांच्याच 'दांत्र ले मॉर' (१९५४) या कादंबरीवरून 'व्हर्टिगो' (१९५८) करताना हिचकॉक यांनी कादंबरीत अखेरीस उलगडणारे रहस्य प्रेक्षकाला बरेच आधी सांगून टाकले. क्लूझोने ते शेवटपर्यंत राखले. म्हणजे त्याने उत्कंठेऐवजी विस्मयाची निवड केली, असा निष्कर्ष सकृद्दर्शनी निघतो.

तो निष्कर्ष अपुरा आहे. प्रेत सापडेल का, गुन्हा उघडकीस येईल का, ही उत्कंठा चित्रपटाच्या बहुतेक भागात प्रेक्षकाला व्यापून असते आणि ती खुनी स्त्रियांच्या बाजूने असते. चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना या उत्कंठेचा विषय पालटतो. निकोलच्या काळ्या चष्म्यामागील इजा, टबाजवळील तिचा थंडपणा, आजारी क्रिस्तिनाला सोडून तिचे निघून जाणे, या साऱ्यांचे अर्थ बदलतात. पहिल्यांदा धीर देणारी वाटलेली मैत्रीण आता पावलागणिक बळीला मृत्यूकडे नेताना दिसते. प्रेक्षकाला बाँब कोठे आहे हे ठाऊक असते आणि क्रिस्तिनाला मात्र ते ठाऊक नसते. हिचकॉक यांना अभिप्रेत असलेली उत्कंठा या चित्रपटात दुसऱ्या वेळी अवतरते. कादंबरीच्या पुनर्वाचनातही हेच घडते. ल्यूसिएनचे प्रत्येक वाक्य तेव्हा दोन अर्थांनी वाचावे लागते आणि राव्हिनेलचे न पाहणे ही त्याची निव्वळ दुर्बलता न राहता त्याच्या विनाशाची यंत्रणा ठरते.

रहस्याचा उलगडा झाल्यावर कृती संपते हे गृहीत म्हणूनच या दोन्ही कृतींना लागू पडत नाही. पहिल्या वाचनात रहस्य असते. दुसऱ्यात शोकांतिका दिसू लागते. एकनिष्ठेच्या कसोटीबाबतही असेच म्हणावे लागेल. क्लूझोने जवळजवळ प्रत्येक तपशील बदलला. पण स्वतःला अपराधी समजणाऱ्या माणसालाच त्याच्या अपराधभावाने मारता येते, ही कल्पना त्याने बदलली नाही, आणि तिच्यासाठी आपल्या माध्यमातील साधने नव्याने शोधली. १९९६ च्या अमेरिकी पुनर्निर्मितीत क्लूझोच्या कथानकाचा सांगाडा बराचसा घेतला गेला, शेवट मात्र बदलला आणि तो बदलताना ही कल्पनाच निसटली. कारण तेथे बळी ठरवलेली स्त्री वाचते आणि छळणाऱ्याचाच अंत होतो. माध्यमांतराच्या अभ्यासात बदलांची यादी करणे ही पहिली पायरी होय. मूळ कृतीत अर्थ कोणत्या साधनाने निर्माण होतो आणि नव्या माध्यमात त्या साधनाचे काम कशाकडे सोपवले आहे, हा प्रश्न त्यानंतर विचारावा लागतो. राव्हिनेलचे धुके आणि क्रिस्तिनाच्या हाती आलेला धुतलेला सूट यांच्यातील नाते या प्रश्नाच्या आधारेच स्पष्ट होते.